अर्जांच्या गठ्ठ्यातून तुमचा अर्ज वर यावा म्हणून: खान्देशातल्या नव्या उमेदवारांसाठी

जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या मध्यम कारखान्याने अकाउंट असिस्टंटची जागा काढली की दोन दिवसांत त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफची रांग लागते. ती रांग उपसणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याच्याकडे हजेरी, पगार, ठेकेदारांची बिलं अशी बाकीची कामंही असतात, त्यामुळे एका अर्जाला तो मिनिटभरही देत नाही. तेवढ्यात त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: याला हे काम येतं का, हा इथे टिकेल का, आणि हा सांगतो ते खरं कशावरून. खालच्या पायऱ्या या तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवण्यासाठी आहेत. फ्रेशर, आयटीआय, डिप्लोमा, बी.कॉम., बी.एस्सी. अ‍ॅग्री अशा कुणालाही त्या लागू पडतात.

पायरी १: ‘कोणतीही चालेल’ हे आधी सोडा

‘कुठलंही काम करायची तयारी आहे’ हे वाक्य नम्र वाटतं. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की हा कशातच तयार नाही. एक मुख्य पद ठरवा आणि त्याच्या शेजारचं एक. उदाहरणार्थ, अकाउंट असिस्टंट आणि बिलिंग, किंवा क्वालिटी इन्स्पेक्टर आणि स्टोअर कीपर.

ठरवताना आपल्या भागात खरोखर काय चालतं ते पाहा. जळगावात दालमिल, प्लॅस्टिक चटई, पीव्हीसी पाइप आणि ठिबक, शिवाय सराफ बाजार. रावेर-यावल पट्ट्यात केळीचं पॅकिंग, टिशू कल्चर रोपं, खतं-औषधांच्या कंपन्यांची फिल्डची कामं. धुळ्याला अवधान, पुढे नरडाणा इथल्या एमआयडीसी. शिरपूर आणि नवापूरकडे कापड. नंदुरबार-दोंडाईचाला मिरची. बाहेर पडायचं तर नाशिकचं अंबड-सातपूर, संभाजीनगरचं वाळूज, पुण्याचं चाकण, आणि नंदुरबारकरांना तर पुण्यापेक्षा सुरत जवळ.

मग त्या पदाच्या वीस जाहिराती जमवा. जॉब पोर्टल, महास्वयं, नॅशनल करिअर सर्व्हिस, गावातले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, कुठल्याही चालतील. वहीत दोन रकाने आखा: कोणतं कौशल्य मागितलं, आणि किती जाहिरातींत. विसापैकी दहा-बारा जाहिरातींत जे येतं तेच शिकायचं आणि तेच बायोडेटात वर घ्यायचं. एखाद-दुसऱ्या जाहिरातीत आलेल्या गोष्टीसाठी महागडा क्लास लावू नका. एमएस-सीआयटी असणं आता गृहीतच धरतात. नसेल तर अडतं, पण असल्यामुळे कुणी वेगळा उठून दिसत नाही.

पायरी २: बायोडेटा एका पानात

आपल्याकडे नोकरीच्या बायोडेटात लग्नाचा बायोडेटा डोकावतो. वर गणपती, मग वडिलांचा व्यवसाय, भावंडं, उंची, वैवाहिक स्थिती, छंद (हमखास क्रिकेट आणि गाणी ऐकणे), आणि खाली ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र. हे सगळं काढलं की अर्धं पान मोकळं होतं. जातीचा उल्लेख खासगी नोकरीच्या बायोडेटात नको. सरकारी भरतीत तो अर्जाच्या ठरलेल्या रकान्यात जातो.

पानाचा क्रम असा ठेवा. वर नाव, गाव-तालुका, एकच मोबाइल नंबर, साधा ईमेल. त्याखाली दोन ओळींत तुम्ही काय आहात आणि कोणत्या पदासाठी अर्ज करताय. मग येणारी कामं, मग अनुभव किंवा प्रशिक्षण, मग शिक्षण. फ्रेशरने बारावी-दहावीचे टक्के शेवटी टाकावेत.

आता मधला भाग, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. नेहमी दिसणारं वाक्य:

‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड, शिकण्याची जिद्द.’

हे सगळेच लिहितात, म्हणून याचा काही उपयोग होत नाही. पाइप कंपनीत प्रशिक्षणार्थी राहिलेला फिटर त्याऐवजी असं लिहू शकतो:

‘आयटीआय फिटर. सहा महिने पीव्हीसी पाइपच्या एक्स्ट्रूडर लाइनवर प्रशिक्षणार्थी. दर तासाला नमुना काढून व्हर्नियरने बाहेरचा व्यास आणि मायक्रोमीटरने भिंतीची जाडी मोजणे, शिफ्टचा रिजेक्शन तक्ता भरणे, डाय बदलताना मदत.’

यात एकही विशेषण नाही, तरी हा माणूस शॉपवर उभा राहिलेला आहे हे कळतं. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: कोणतं काम, कशाने किंवा कशावर, आणि किती किंवा किती वेळाने. आकडा माहीत नसेल तर फुगवून टाकू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच आकड्यावर येतो.

अनुभवच नसेल तर? घरच्या शेतीला बहुतेक मुलं बायोडेटात जागाच देत नाहीत, आणि ठिबक, खत, बियाणं, टिशू कल्चर, केळी निर्यात या कंपन्यांना नेमका तोच अनुभव हवा असतो. ‘शेतीची आवड’ असं न लिहिता लिहा: ‘घरची तीन एकर केळी, ग्रँड नैन, ५ बाय ५ फूट लागवड, मृगबाग आणि कांदेबाग दोन्ही हंगामांचा अनुभव, ठिबकमधून १९:१९:१९, १२:६१:०० आणि ०:०:५० ही खतं सोडण्याचं वेळापत्रक सांभाळलं, करपा आणि सीएमव्ही हे रोग ओळखता येतात.’ एरिया मॅनेजर हे वाचून थांबतो. मात्र मग प्रश्नांची तयारीही हवी. ५ बाय ५ वर एकरी १,७४२ झाडं बसतात. झाडामागे ताशी ८ लिटर पाणी धरलं तर तासाला सुमारे १३,९०० लिटर लागतं. मग तुमच्या पंपावर एकर एका वेळी भिजेल की दोन भाग करावे लागतील? एवढा हिशेब कागद-पेन्सिलने करता आला की डिग्रीची टक्केवारी मागे पडते.

दुकानात, पेट्रोल पंपावर, मामाच्या गॅरेजमध्ये काम केलं असेल तर तेही लिहा. सराफाच्या काउंटरसाठी अर्ज करणाऱ्याला ९१६ म्हणजे २२ कॅरेट आणि ७५० म्हणजे १८ कॅरेट, दागिन्यावरचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) सहा अक्षर-अंकांचा असतो, मजुरी आणि घट बिलात वेगळी कशी दाखवतात, एवढं माहीत असावं. गिऱ्हाईक हेच विचारतं.

बारीक चुका, ज्यांनी चांगले अर्ज वाया जातात:

फाइलचं नाव ‘रेझ्युमे फायनल न्यू २’ असतं. वाचणाऱ्याने ती डाउनलोड केली की शंभर फाइलींत हरवते. नाव, पद, गाव असं नाव द्या.

मराठीत टाइप करताना जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट वापरला तर समोरच्याच्या मोबाइलवर अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये टाइप करा, आणि वर्ड फाइल न पाठवता पीडीएफच पाठवा. बायोडेटा इंग्रजीत मागितला असेल तर इंग्रजीत द्या, पण इंटरनेटवरून उचललेला ‘ऑब्जेक्टिव्ह’चा परिच्छेद काढून टाका. तो सगळ्यांच्या अर्जात शब्दशः सारखा असतो.

नावाचा क्रम ही महाराष्ट्राची खास डोकेदुखी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर कधी वडिलांचं नावच नाही. स्पेलिंगमध्ये एखादं ‘ए’ इकडेतिकडे. निवड झाल्यावर पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक) काढताना आणि बँक खातं जोडताना हे अडतं, आणि रुजू व्हायची तारीख पुढे जाते. नोकरी शोधायला लागल्याच आठवड्यात तिन्ही कागद शेजारी ठेवून तपासा. आधार-पॅन आधी जुळवून घ्या.

पायरी ३: पुराव्याचं एक पान

सगळ्यात जास्त फरक या पायरीने पडतो, आणि ती फारच कमी उमेदवार करतात. बायोडेटासोबत एक पान जोडा, ज्यात तुमचं काम दिसतं.

अकाउंटवाल्यांसाठी उत्तम नमुना म्हणजे जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) आणि खरेदी रजिस्टर जुळवलेली एक्सेल शीट. हे काम प्रत्येक व्यापाऱ्याकडे महिन्याला पडतं. २बी महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं, ३बी हे कर भरण्याचं विवरणपत्र बहुतेकांना २० तारखेपर्यंत भरायचं असतं, म्हणजे मधल्या पाच-सहा दिवसांत ही जुळवाजुळव उरकायची. पुरवठादाराने बिल दाखवलंच नसेल तर त्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून मालकाचा जीव त्यात असतो.

नमुना असा करा. स्वतः रचलेली तीस खरेदी बिलं एका शीटमध्ये, दुसरीत २बी सारखी यादी. मुद्दाम पाच-सहा चुका पेरा: एक बिल २बी मध्ये नाही, एकाची रक्कम वेगळी, एकाचा जीएसटी नंबर चुकीचा. मग व्हीलूकअप किंवा एक्सलूकअप या एक्सेलच्या सूत्राने जुळवा. इथे नवख्यांचं सूत्र हमखास फसतं, कारण बिल नंबर एका शीटमध्ये ‘००४५’ असतो आणि दुसऱ्यात ‘४५’, किंवा एकीकडे तो मजकूर म्हणून साठवलेला आणि दुसरीकडे अंक म्हणून, किंवा मागे एक अदृश्य जागा शिल्लक. दिसायला दोन्ही सारखे, पण एक्सेलला वेगळे. ट्रिम सूत्राने जागा काढा, दोन्ही रकाने एकाच प्रकारात आणा, आणि केवळ बिल नंबरवर न जुळवता जीएसटी नंबर आणि बिल नंबर जोडून एक किल्ली बनवा, कारण दोन पुरवठादारांचा बिल नंबर ४५ असू शकतो. शेवटी एक छोटा तक्ता: जुळलेली किती, न सापडलेली किती, कुणाला फोन करायचा.

आधीच्या मालकाची खरी बिलं नमुना म्हणून कधीही दाखवू नका. समोरचा लगेच विचार करतो की उद्या हा आमचीही बिलं अशीच दाखवत फिरेल.

सेल्सवाल्यांसाठी अर्ध्या दिवसाचं काम पुरेसं आहे. ज्या कंपनीत अर्ज करायचा, तिचा माल विकणारी पंधरा दुकानं फिरा. दुकानाचा भाग, कोणते ब्रँड समोरच्या फळीवर, तुमच्या कंपनीचा माल आहे की संपलाय, दुकानदाराची एक तक्रार, एवढे चार रकाने. पानाच्या खाली तीन ओळींत निष्कर्ष. दुकानदाराला आधी सांगा की आपण नोकरीसाठी माहिती घेतोय. गर्दीच्या वेळी जाऊ नका आणि काहीतरी विकत घ्या.

वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन यांनी स्वतःच्या जॉबचे चार फोटो आणि प्रत्येकाखाली एक ओळ: मटेरियल, जाडी, कोणतं वेल्डिंग, किती वेळ. कंपनीच्या आतले, मशीनचे किंवा ड्रॉइंगचे फोटो परवानगीशिवाय नकोत. पाइप कंपनीत जाणाऱ्याने आयएस ४९८५ हे पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपचं मानक आहे, एवढं तरी डोक्यात ठेवावं.

पायरी ४: अर्ज कुठे आणि कसा टाकायचा

शंभर ठिकाणी एकच पीडीएफ ढकलण्यापेक्षा आठवड्याला आठ-दहा अर्ज नीट करा. प्रत्येक अर्जात वरच्या दोन ओळी आणि कौशल्यांचा क्रम त्या जाहिरातीप्रमाणे बदला. जाहिरातीत ‘टॅली प्राइम’ लिहिलंय आणि तुम्हाला ते येतं, तर ‘अकाउंटिंग सॉफ्टवेअर’ असं गोलमाल लिहू नका. मोठ्या कंपन्यांत आधी संगणकच शब्द शोधतो.

ईमेलचा मजकूर रिकामा सोडून नुसती फाइल जोडणं ही नेहमीची चूक. पाच ओळी पुरतात:

‘नमस्कार. आपल्या जाहिरातीतील अकाउंट असिस्टंट पदासाठी अर्ज करत आहे. टॅली प्राइममध्ये खरेदी-विक्री नोंदी आणि जीएसटीआर-२बी जुळवणी करता येते. नमुना शीट सोबत जोडली आहे. मी भुसावळला राहतो, रोज जळगावला ये-जा करू शकतो. लगेच रुजू होता येईल. भेटीसाठी कोणत्याही दिवशी येऊ शकतो.’

राहण्याचा आणि येण्या-जाण्याचा उल्लेख मुद्दाम केलाय. टिकेल का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

एमआयडीसीत गेटवर जाऊन अर्ज देण्याची पद्धत अजून चालते आणि लहान कारखान्यांत ती ऑनलाइनपेक्षा बरी पडते. सकाळी शिफ्ट बदलताना जाऊ नका; अकराच्या सुमारास जा. वॉचमनला ‘वेकन्सी आहे का?’ विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘भरतीचं कोण बघतं, त्यांना बायोडेटा द्यायचा आहे’ म्हणा, नाव विचारून घ्या आणि पाकिटावर ते लिहा. मे महिन्यात उन्हाने अंगाची काहिली होते, तेव्हा सुती शर्ट आणि पाण्याची बाटली. घामेजलेल्या हाताने कागद देऊ नका, प्लॅस्टिक फोल्डर ठेवा.

आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांनी अप्रेंटिसशिपकडे डोळेझाक करू नये. आयटीआयवाल्यांनी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर, डिप्लोमा-डिग्रीवाल्यांनी नॅट्स या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी. विद्यावेतन पगारापेक्षा कमी असतं, पण वर्षभराचा खरा अनुभव बायोडेटात चढतो.

उत्तर आलं नाही तर पाच-सहा कामाच्या दिवसांनी एक मेसेज, त्यानंतर आठवड्याने आणखी एक. पुढे नाही. रोज ‘सर काही झालं का’ पाठवणाऱ्याचा नंबर ब्लॉक होतो. आणि मोबाइलची कॉलर ट्यून आणि डीपी एकदा एचआरच्या नजरेतून पाहून घ्या.

पायरी ५: ओळख लावायची, पण नीट

आपल्या भागात बऱ्याच जागा जाहिरातीआधीच कुणाच्या तरी सांगण्यावरून भरतात. त्यावर चिडून उपयोग नाही, आणि ‘काका, कुठेतरी चिकटवून द्या’ म्हणूनही नाही. असं म्हटलं की समोरच्यावर ओझं येतं आणि तो ‘बघतो’ म्हणून विषय संपवतो. नोकरीऐवजी माहिती मागा. गावातला सीनियर चाकणला असेल तर:

‘दादा, मी तुमच्याच कॉलेजचा, मेकॅनिकल डिप्लोमा. तुमच्या कंपनीत क्वालिटीला नवीन मुलांना पहिल्या महिन्यात काय काम देतात, हे दहा मिनिटं सांगाल का? रविवारी तुमच्या सोयीने फोन करतो.’

दहा मिनिटांचं बोलणं झालं की जागा निघाल्यावर तोच कळवतो. त्याने नाव पुढे केलं तर मुलाखतीचं काय झालं ते त्याच दिवशी कळवा. नाव सुचवणाऱ्याला ताकास तूर न लागू देणारे उमेदवार पुढच्या मुलांची वाट बंद करतात. आयटीआयचे निदेशक, कॉलेजचे प्लेसमेंट बघणारे सर, टॅलीच्या क्लासचे सर, यांच्याकडेही कंपन्या थेट मुलं मागतात. त्यांना दोन महिन्यांतून एकदा अद्ययावत बायोडेटा द्या.

कुणी नोकरीसाठी पैसे मागितले, मग ते ‘रजिस्ट्रेशन’ असो, ‘युनिफॉर्म डिपॉझिट’ की ‘साहेबांचा वाटा’, तिथेच थांबा. रेल्वे, आयुध निर्माणी यांच्या नावाने शिक्का मारलेली पत्रं दाखवणारे भेटतात; अशी भरती अधिकृत जाहिरात आणि ठरलेल्या निवडप्रक्रियेनेच होते.

पायरी ६: मुलाखत

पहिला प्रश्न ‘स्वतःबद्दल सांगा’ असतो. गावाचं नाव आणि घरातली माणसं एका वाक्यात, उरलेली चार वाक्यं कामाबद्दल. साठ सेकंदांचं उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून तीनदा ऐका.

घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्यांना प्रमाण मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन उड्या एकदम माराव्या लागतात. इंग्रजी रेटून बोलता बोलता अडखळण्यापेक्षा ‘सर, तांत्रिक भाग हिंदीत सांगितला तर चालेल का?’ असं विचारा. शॉपफ्लोअरवर बहुतेक ठिकाणी चालतं. सुरतला तर हिंदीच. आणि फिल्डच्या नोकरीत अहिराणी येणं ही जमेची बाजू आहे, ती भाषांच्या रकान्यात लिहा.

प्रात्यक्षिक चाचणी आता लहान कंपन्याही घेतात. व्हर्नियर हातात दिला तर आधी जबडे पुसा, बंद करून शून्याची चूक पाहा, लघुत्तम माप सांगा (नेहमीच्या व्हर्नियरचं ०.०२ मिमी), मग मोजा. पर्यवेक्षक आकड्याइतकाच तुमचा हात बघत असतो. एक्सेलची चाचणी असेल तर सूत्र फसल्यावर गप्प बसू नका. कशामुळे फसलं असेल ते बोलत बोलत तपासा.

गावाबाहेरच्या कंपनीत एक प्रश्न ठरलेला: ‘राहणार कुठे? तीन महिन्यांनी परत जाणार नाही ना?’ दिवाळीला गेलेला मुलगा परतच आला नाही, हा अनुभव त्यांनी घेतलेला असतो. ‘नाही सर’ एवढ्याने भागत नाही. आधीच खोलीची चौकशी करून जा: ‘चाकणला मित्रांसोबत खोली बघितली आहे, महिन्याचा खर्च एवढा येतो, या पगारात बसतो.’ पुणे-नाशिकची सकाळची मुलाखत असेल तर आदल्या रात्रीच पोहोचा. त्याच दिवसाच्या गाडीच्या भरवशावर राहू नका.

पगाराचं विचारलं तर हातात येणारा आणि कागदावरचा यातला फरक माहीत हवा. महिना १५,००० रुपये, सगळी रक्कम पीएफला पात्र धरली, तर पीएफचे १,८००, ईएसआयचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) ०.७५ टक्के म्हणजे ११३, आणि पुरुष असाल तर व्यवसाय कर २०० कापले जाऊन हातात १२,८८७ येतात. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. म्हणून ‘किती?’ या प्रश्नावर ‘हातात साधारण एवढे’ असं स्पष्ट सांगा, आणि सीटीसीचा (कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चाचा) आकडा आला तर त्यात कंपनीचा पीएफ धरलाय का ते विचारा. हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

तुम्हीही दोन प्रश्न विचारा. ‘पहिल्या महिन्यात माझ्याकडून काय झालेलं हवं?’ हा सगळ्यात उपयोगी. संध्याकाळी एक मेसेज: भेटीबद्दल आभार, आणि जे विचारलं होतं पण येत नव्हतं त्याचं उत्तर शोधून दोन ओळींत. हे इतके कमी लोक करतात की लक्षात राहतंच.

पायरी ७: वही तपासा

प्रत्येक अर्जाची नोंद ठेवा: तारीख, कंपनी, पद, कुणाकडे दिला, काय झालं. वीस अर्ज झाले की वाचा. एकही फोन नाही, तर बायोडेटा किंवा पद चुकतंय; पायरी १ आणि २ वर परत जा. फोन येतात पण भेटीला बोलावत नाहीत, तर फोनवरचं बोलणं किंवा सांगितलेला पगार. भेटी होतात आणि चाचणीनंतर थांबतं, तर त्या कामाचा हात कच्चा आहे. महिनाभर रोज तासभर तेच करा. सगळं बरं होऊन ‘कळवतो’ वर अडलं, तर भेट घेणाऱ्याला थेट विचारा: ‘सर, पुढच्या वेळी कशात सुधारणा करू?’ उत्तर आलं तर वहीत जसंच्या तसं लिहा, आणि सहा महिन्यांनी त्याच कंपनीत पुन्हा अर्ज टाकताना काय शिकलात ते पहिल्या ओळीत घाला.